सोयाबीनचा चारकोल रॉट: प्रतिकारक वाण शोधण्याची चाचणी कशी करावी आणि ती कुठे फसते

खरीप संपला की प्रबंधांत आणि बियाणे कंपन्यांच्या अहवालांत एक ओळखीचा तक्ता दिसतो. भरपूर वाण तपासलेले आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक वाणांपुढे ‘प्रतिकारक’ असा शेरा. पुढच्या वर्षी ऑगस्टात पावसाने ओढ दिली की त्यांतलेच वाण शेंगा भरताना जागच्या जागी वाळतात. वाणात काही बिघडलेलं नसतं. पहिल्या वर्षी त्या झाडांपर्यंत रोग पोचलाच नव्हता, आणि रोगातून निसटलेलं झाड आपण प्रतिकारक म्हणून लिहून मोकळे झालो.

पुढची सगळी पद्धत याच एका गोष्टीभोवती फिरते. प्रत्येक झाडाला रोग लागण्याची पुरेशी आणि सारखी संधी मिळाली होती, हे आधी सिद्ध करायचं. वाणाबद्दल बोलायचं ते त्यानंतर. पदव्युत्तर विद्यार्थी, संशोधन केंद्रांवरचे सहायक आणि छोट्या कंपन्यांचे पैदासकार यांना डोळ्यांपुढे ठेवून हे लिहिलं आहे.

## सुरू करण्यापूर्वी: अपेक्षा जागेवर ठेवा

चारकोल रॉट होतो मॅक्रोफोमिना फेझिओलिना या बुरशीमुळे. या रोगाला पूर्णपणे दाद न देणारं सोयाबीन अजून कोणाच्या हाती नाही. जो प्रतिकार मिळतो तो अंशतः असतो, अनेक जनुकांच्या एकत्रित परिणामातून आलेला असतो आणि हवामानानुसार कमीजास्त दिसतो. म्हणून ‘रोग आला की नाही’ असा हो-नाही स्वरूपाचा प्रश्न इथे निरुपयोगी आहे. प्रश्न विचारायचा तो ‘किती आला, किती वेगाने वाढला आणि चेकच्या (तुलनेसाठी सोबत लावलेल्या ओळखीच्या वाणाच्या) मानाने किती’ असा.

कामाचे दोन भाग करा. हरितगृहात कापलेल्या खोडाची चाचणी घेऊन पहिली चाळणी लावायची आणि त्यातून उरलेल्या ओळी (म्हणजे तपासायचे वाण आणि पैदाशीतले वंश) सिक प्लॉटमध्ये, मुद्दाम रोगट केलेल्या जमिनीत, न्यायच्या. नुसत्या हरितगृहावर थांबलात तर परिपक्व झाडाबद्दल काहीच कळत नाही. आणि सगळं काही थेट शेतात नेलं तर एका ओल्या हंगामात वर्ष वाया जातं.

## टप्पा १: रोग तोच आहे ना, हे आधी बघा

चुकांची सुरुवात इथूनच होते. सोयाबीनचं झाड वाळायला दहा कारणं असतात, आणि रोगट नमुना म्हणून भलतंच झाड प्रयोगशाळेत येतं.

चारकोल रॉटची लक्षणं बहुधा फुलोऱ्यानंतर, शेंगा भरताना दिसतात. पानं पिवळी पडतात, मलूल होतात, वाळतात, पण झाडालाच लटकून राहतात. खोडाचा खालचा भाग आणि सोटमूळ यांची साल नखाने सोलली की आत राखाडी रंग आणि त्यावर मिरपूड भुरभुरल्यासारखे बारीक काळे ठिपके दिसतात. हे ठिपके म्हणजे बुरशीचे स्क्लेरोशिया, तिच्या कठीण बारीक गाठी. जमिनीत आणि काडीकचऱ्यात वर्षानुवर्षं टिकतात ते हेच.

नमुना घेताना खालची कारणं वगळा:

- मानकूज (स्क्लेरोशियम रॉल्फसाय): जमिनीलगत पांढरी बुरशी आणि मोहरीएवढ्या तपकिरी गाठी. बहुतेकदा रोपावस्थेत.
- खोडमाशी: खोड उभं चिरलं की आत लालसर-तपकिरी बोगदा, कधी अळी किंवा कोष.
- चक्रीभुंगा: खोडावर किंवा देठावर दोन समांतर गोल खाचा, वरचा भाग सुकलेला.
- खोड व शेंगांवरचा करपा (डायपोर्थे): काळे ठिपके असतात, पण ते खोडाच्या वरच्या सालीवर आणि सरळ रांगांत.

तपासा: साल न सोलता आणि खोड न चिरता गोळा केलेला एकही नमुना प्रयोगशाळेत घेऊ नका. खोडमाशीने पोखरलेल्या झाडात ही बुरशी नंतर सहज शिरते, त्यामुळे दोन्ही एकत्र दिसली तर तो नमुना सोडून द्या.

जुन्या पुस्तकांत ऱ्हायझोक्टोनिया बटाटिकोला हे नाव दिसलं तर गोंधळू नका. ती हीच बुरशी, तिच्या स्क्लेरोशिया-अवस्थेला दिलेलं जुनं नाव. हरभऱ्याची कोरडी मूळकूज आणि रब्बी ज्वारीचा खडखड्या हेही तिचेच उद्योग. शेवटच्या टप्प्यात याचा संबंध पुन्हा येईल.

## टप्पा २: बुरशी वेगळी करा, शुद्ध करा, तिची ताकद तपासा

रोगट आणि निरोगी भागाच्या सीमेवरून ५ मिलिमीटरचे तुकडे कापा. १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये साधारण १ मिनिट बुडवा, निर्जंतुक पाण्याने ३ वेळा धुवा, निर्जंतुक टिपकागदावर कोरडे करा आणि स्ट्रेप्टोमायसिन घातलेल्या पीडीएवर (बटाटा-डेक्स्ट्रोज-अगर या माध्यमावर) ठेवा. प्लेट अंधारात २८ ते ३० अंश सेल्सिअसला ठेवली की ३-४ दिवसांत बुरशी प्लेट भरते. आधी पांढरट, मग राखाडी, शेवटी काळी होते.

तुकडा नीट कोरडा केला नाही तर जिवाणू आधी पसरतात. नवख्यांच्या निम्म्या प्लेटी त्यामुळेच फुकट जातात.

वाढत्या कडेवरचं बुरशीधाग्याचं एक टोक उचलून शुद्ध कल्चर करा. नंतर संवेदनशील वाणाच्या रोपांवर रोग निर्माण करून त्याच रोपांतून बुरशी पुन्हा मिळवा. ‘दिसतेय तर तीच’ म्हणून ही पायरी गाळली जाते आणि मग वर्षभराचं काम एका मवाळ आयसोलेटवर (एका नमुन्यातून वेगळ्या केलेल्या बुरशीवर) उभं राहतं.

इशारा: माध्यमावर पुन्हा पुन्हा उतरवलेली बुरशी हळूहळू मवाळ होते. मूळ कल्चरचे पुरेसे स्लँट (तिरक्या माध्यमाच्या नळ्या) ४ अंशांवर ठेवा आणि प्रत्येक हंगामाआधी ती एकदा सोयाबीनच्या रोपातून काढून ताजी करा. विभागातल्या फ्रीजमध्ये कुणा जुन्या विद्यार्थ्याने ठेवलेली प्लेट थेट वापरू नका.

एकाच आयसोलेटवर विसंबू नये हेही खरं. पण सगळे आयसोलेट एकत्र मिसळण्यापेक्षा, जास्तीत जास्त जहाल असा एक पहिल्या चाळणीला वापरावा आणि निवडलेल्या थोड्या ओळी दुसऱ्या-तिसऱ्या आयसोलेटवर स्वतंत्रपणे तपासाव्यात. मिश्रणात नेमकं कोण काम करतंय ते कळत नाही.

## टप्पा ३: बियाणं आणि चेक

बियाणं बुरशीनाशक न लावलेलं हवं. ही सूचना इतकी साधी वाटते की कोणी विचारतच नाही, आणि पिशवीतलं गुलाबी बियाणं तसंच पेरलं जातं. थायरम, कार्बोक्सिन किंवा ट्रायकोडर्मा लावलेल्या बियाण्याची चाचणी ही औषधाची चाचणी होते, वाणाची नव्हे. खोडमाशीसाठी कीटकनाशकाची प्रक्रिया करायची असेल तर करा, पण सर्व ओळींना सारखी करा.

प्रत्येक ओळीची उगवण आधी तपासा. सोयाबीनचं टरफल नाजूक. मळणीत मार बसलेलं बियाणं जमिनीत कुजतं आणि ती कूज रोगाच्या खात्यात जाते. ७० टक्क्यांखाली उगवण असलेली ओळ चाचणीत घेऊ नका.

चेक किमान दोन हवेत: एक हमखास बळी पडणारा आणि एक त्यातल्या त्यात तग धरणारा. अमेरिकेच्या कृषी खात्याची डीटी ९७-४२९० ही ओळ मध्यम प्रतिकारक म्हणून प्रसिद्ध आहे, पण आपल्याकडे ती सहज मिळणार नाही. अखिल भारतीय समन्वित सोयाबीन प्रकल्पाच्या तुमच्या जवळच्या केंद्राकडे जे चेक वापरात आहेत तेच घ्या. मात्र माहितीपत्रकात ‘प्रतिकारक’ लिहिलं आहे एवढ्यावरून कुठल्याही वाणाला चेक करू नका. तुमच्या आयसोलेटवर, तुमच्या हरितगृहात त्याला आधी तपासा.

## टप्पा ४: ज्वारीच्या दाण्यांवर बुरशी वाढवणे

1. ज्वारी रात्रभर भिजवा, पाणी काढा, दाणा अर्धवट शिजेल इतपत उकळा. दाणा फुटता कामा नये.
2. कापडावर पसरून वरचं पाणी सुकवा.
3. फ्लास्क किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या पिशव्या अर्ध्याच भरा. १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह करा (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करा) आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा करा.
4. थंड झाल्यावर ताज्या कल्चरचे ५ मिलिमीटरचे ४-५ तुकडे टाका. २८ ते ३० अंशांवर १५ ते २० दिवस ठेवा. दर २-३ दिवसांनी हलवा, नाहीतर गोळा होतो आणि आतले दाणे कोरे राहतात.

दाणे सगळीकडून काळे झाले म्हणजे तयार. हिरवट किंवा पिवळट बुरशी दिसलेली पिशवी ‘बाकीचं तर चांगलं आहे’ म्हणत वापरू नका.

तपासा: काही पिशव्या बुरशी न टाकता तशाच ठेवा. नियंत्रणाच्या, म्हणजे तुलनेसाठी बुरशीविना ठेवलेल्या, ओळींत आणि कुंड्यांत हीच निर्जंतुक ज्वारी जायला हवी. ती नसेल तर कुजणाऱ्या धान्याचा परिणाम कोणता आणि रोगाचा कोणता हे वेगळं काढता येत नाही.

## टप्पा ५: कापलेल्या खोडाची चाचणी

ही पद्धत अमेरिकेत विकसित झाली आणि पहिल्या चाळणीसाठी मला ती सर्वांत भरवशाची वाटते. कारण सरळ आहे: प्रत्येक रोपावर बुरशी तुम्ही हाताने ठेवता, निसटायला जागाच नसते.

1. कुंडीत रोपं वाढवा. साधं पान आणि दोन तिहेरी पानं आली, म्हणजे व्ही-२ अवस्था, की रोप तयार.
2. साध्या पानांच्या पेरापासून २५ मिलिमीटर वर धारदार ब्लेडने खोड आडवं कापा. मोजपट्टी लावूनच कापा.
3. २-३ दिवसांच्या कल्चरच्या वाढत्या कडेवर २०० मायक्रोलिटरच्या पिपेट-टिपचं रुंद तोंड दाबा. आत माध्यमाचा बुरशीसह तुकडा अडकतो.
4. ती टिप लगेच कापलेल्या खोडावर टोपीसारखी बसवा. खोडाचं टोक तुकड्यात रुतलं पाहिजे.
5. हरितगृह ३० अंशांच्या आसपास ठेवा. नियंत्रणाच्या रोपांवर नुसत्या पीडीएचा तुकडा असलेली टिप बसवा.
6. तिसऱ्या दिवसापासून दर ३ दिवसांनी, साधारण १५ दिवसांपर्यंत, कापलेल्या टोकापासून खाली किती मिलिमीटर खोड मेलं ते मोजा.

कुठे चुकतं? सावलीत वाढलेली रोपं लांबट आणि बारीक होतात, टिप गळून पडते. फार जून रोपांचं खोड टिपेत शिरत नाही. प्लेटच्या मधल्या काळ्या भागातून तुकडा घेतला तर बुरशीची सुरुवात एकसारखी होत नाही. आणि सर्वांत त्रासदायक चूक म्हणजे एका वाणाच्या सगळ्या कुंड्या एका रांगेत मांडणं. पंख्याजवळची रांग लवकर सुकते आणि तो वाण उगाच बदनाम होतो. कुंड्या चिठ्ठ्या टाकून, पुनरावृत्तीनुसार मांडा.

शेवटचा आकडा एकटा वापरू नका. खोडाला लांबीची मर्यादा आहे. १५व्या दिवशी दोन वेगवेगळे वाण मातीपर्यंत मेलेले दिसतील, पण एक सहा दिवसांत गेला असेल आणि दुसरा चौदा. म्हणून रोगवाढीच्या रेषेखालचं क्षेत्रफळ काढा. समजा ३, ६, ९ आणि १२व्या दिवशी नोंदी ६, १८, ३४ आणि ४८ मिलिमीटर आल्या. लागोपाठच्या दोन नोंदींची सरासरी काढून ३ दिवसांनी गुणायची: ३६, ७८ आणि १२३. बेरीज २३७. प्रत्येक रोपासाठी हा आकडा काढायचा आणि तुलना त्याचीच करायची.

थांबा: संवेदनशील आणि तग धरणारा हे दोन चेक एकमेकांपासून स्पष्ट वेगळे दिसत नसतील तर पुढे जाऊ नका. आयसोलेट, तापमान, रोपाचं वय यांपैकी काहीतरी बिघडलं आहे. आणि नियंत्रणाच्या रोपांत टोकाशी थोडं सुकणं चालेल. खाली सरकणारा काळेपणा दिसला तर ब्लेडवरून बुरशी गेली आहे.

पैदासकारांसाठी एक आठवण: या चाचणीत रोप बहुधा हातचं जातं. एफ-२ (संकरानंतरच्या दुसऱ्या) पिढीतलं एकेक झाड कापून मग त्याचं बी शोधत बसू नका. एफ-२ झाडाचं बी आधी गोळा करा आणि त्याच्या कुटुंबातली रोपं तपासा.

## टप्पा ६: सिक प्लॉट

जिथे रोग आला तो प्लॉट, असं सिक प्लॉटचं होत नाही. संवेदनशील वाण लागोपाठ घेऊन, त्याची रोगट धसकटं त्याच जमिनीत गाडून तो तयार करावा लागतो. पेरणीआधी प्लॉटचे चौकोन पाडून प्रत्येकातली माती तपासा. ही बुरशी जमिनीत ठिकठिकाणी साठलेली असते. एका कोपऱ्यात भरपूर, दहा पावलांवर जवळपास नाही.

त्यामुळे रचना अशी ठेवा: ४५ बाय ५ सेंटिमीटरवर ३ मीटरच्या ओळी, म्हणजे ओळीत सुमारे ६० झाडं, किमान ३ पुनरावृत्त्या, दर ४ चाचणी-ओळींनंतर संवेदनशील चेकची एक ओळ. पेरताना सरीत बियाण्यासोबत मोजून तेवढीच ज्वारीवरची बुरशी टाका, प्रत्येक ओळीला सारखी. मुठीने टाकू नका.

शेजारी बुरशी न टाकलेल्या, निरोगी जमिनीत त्याच वाणांचा एक छोटा संच हवाच. पाण्याचा ताण दिल्यावर काही वाण नुसत्या ताणानेही सुकतात, आणि हे कळण्याचा दुसरा मार्ग नाही.

आता पाणी. या बुरशीला उष्णता आणि कोरडी जमीन मानवते. ती रोपावस्थेतच आत शिरते, पण झाड पाडते ते फुलोऱ्यानंतरच्या ताणात. म्हणून उगवण ते फुलोरा पीक व्यवस्थित वाढू द्या आणि शेंगा धरताना संरक्षित पाणी बंद करा. विदर्भ-मराठवाड्यातल्या भारी काळ्या जमिनीत उलट अडचण येते: सुरुवातीला पाणी साचतं, मुळं गुदमरतात, भलत्याच बुरशी शिरतात. रुंद वरंबा-सरीवर पेरलं तर हा गोंधळ टळतो.

सप्टेंबरमध्ये सलग पाऊस झाला तर? तो हंगाम निवडीसाठी सोडून द्यायचा. पर्याय म्हणून जानेवारीअखेर-फेब्रुवारीत उन्हाळी पेरणी करता येते. शेंगा भरताना कडक ऊन असतं आणि पाणी तुमच्या हातात असतं. फक्त खरिपातल्या आकड्यांत हे आकडे मिसळू नका.

## टप्पा ७: नोंदी कधी घ्यायच्या (बहुतेक याद्या इथेच खोट्या ठरतात)

समजा जेएस ९५-६० सारखा लवकर येणारा आणि फुले संगम (केडीएस ७२६) सारखा उशिरा येणारा वाण एकाच दिवशी पेरला आणि एकाच तारखेला तपासला. त्या दिवशी पहिला पक्व होत आलेला असतो, दुसऱ्याच्या शेंगा अजून भरत असतात. रोग पक्वतेकडे जाताना वाढतो, त्यामुळे उशिराचा वाण हमखास ‘प्रतिकारक’ दिसतो. त्याला फक्त वेळ मिळाला होता.

उपाय दोन, आणि दोन्ही करायचे. एक, वाण कालावधीनुसार गटांत विभागा आणि प्रत्येक गटाला त्याच कालावधीचा चेक द्या. दोन, नोंद तारखेने न घेता अवस्थेने घ्या: मुख्य खोडावर एक शेंग पक्व रंगाची झाली, म्हणजे आर-७, की त्या ओळीची नोंद. यासाठी दर दोन-तीन दिवसांनी शेतात जावं लागतं. त्याला इलाज नाही.

उगवणीनंतर १५ ते २० दिवसांनी प्रत्येक ओळीतली झाडं मोजून ठेवा. मरतुकीची टक्केवारी याच संख्येवर काढायची, पेरलेल्या दाण्यांवर नाही.

आर-७ला प्रत्येक ओळीतून १० झाडं मुळांसकट काढा. चांगली आणि वाईट निवडून नाही. ओळीच्या ठरावीक अंतरावरची. खोड आणि सोटमूळ उभं चिरून असे गुण द्या:

- १: स्क्लेरोशिया दिसत नाहीत, रंग निरोगी.
- २: गाभ्यात अगदी तुरळक, वाहिन्यांचा रंग बदललेला नाही.
- ३: वाहिन्यांचा रंग काही भागात बदललेला, तिथे स्क्लेरोशिया.
- ४: रंग बदललेला आणि सालीखालीही भरपूर स्क्लेरोशिया.
- ५: आतून-बाहेरून काळं.

गुण देणारी व्यक्ती शक्यतो एकच असावी आणि तिला ओळीचं नाव दिसू नये. नुसता क्रमांक द्या. आपल्याच संकरातून आलेल्या ओळीला २ आणि ३ मधला संशय नेहमी २ कडे झुकतो.

तपासा: संवेदनशील चेकच्या निम्म्या झाडांवरही रोग नसेल, तर माझ्या मते त्या ब्लॉकचे आकडे निवडीसाठी वापरूच नयेत. एखाद्याच ठिकाणची चेकची ओळ निरोगी असेल तर तिच्या दोन्ही बाजूंच्या चाचणी-ओळी संशयित धरा.

## टप्पा ८: बुरशीचं प्रमाण मोजून वर्ग ठरवणे

डोळ्यांनी दिलेल्या गुणांना आकड्याचा आधार हवा. त्याच १० झाडांचं सोटमूळ आणि खालचं खोड धुऊन, वाळवून, दळा. दोन नमुन्यांमध्ये चक्की नीट साफ करा. नाहीतर आधीच्या वाणाची बुरशी पुढच्याच्या नावावर चढते. मोजून घेतलेली पूड प्रतिजैविक घातलेल्या निवडक माध्यमात मिसळा, ३० अंशांवर ३ दिवस ठेवा आणि वसाहती मोजा.

अमेरिकेत २००७ साली अलेमू मेंगिस्तू आणि सहकाऱ्यांनी यासाठी एक निर्देशांक वापरला: वाणातल्या वसाहतींची संख्या भागिले चाचणीतल्या सर्वांत संवेदनशील वाणातली संख्या, गुणिले १००. १० पर्यंत प्रतिकारक, १० ते ३० मध्यम प्रतिकारक, ३० ते ६० मध्यम संवेदनशील, ६० च्या वर संवेदनशील. समजा सर्वांत वाईट वाणात ग्रॅममागे ४०,००० वसाहती आणि तुमच्या ओळीत ९,००० असतील, तर निर्देशांक २२.५, म्हणजे मध्यम प्रतिकारक.

हा आकडा सापेक्ष आहे हे विसरलं जातं. चाचणीत खरोखर वाईट वाण नसेल तर भाजक लहान होतो आणि बऱ्यापैकी ओळीही संवेदनशील ठरतात. उलट भाजक एखाद्याच बिघडलेल्या नमुन्यावरून आला तर सगळेच चांगले दिसतात. म्हणून संवेदनशील चेक दरवर्षी तोच ठेवा आणि त्याच्या सर्व पुनरावृत्त्यांची सरासरी घ्या.

‘प्रतिकारक’ हा शेरा एका हंगामावर देऊ नका. दोन हंगाम किंवा दोन ठिकाणं, आणि दोन्हीकडे चेक नीट पडलेले असले पाहिजेत. अहवालात चेकचे आकडे ब्लॉकनिहाय छापा. ज्या अहवालात ते नाहीत तो मी तरी बाजूला ठेवतो. हरितगृहात चांगली आणि शेतात वाईट, अशी ओळ निघाली तर शेताचं ऐका. उलट निघाली तर ती टाकू नका, पुढच्या हंगामात पुन्हा पेरा, कारण ती रोगातून निसटलेली असण्याची शक्यता जास्त आहे.

## टप्पा ९: उरलेली बुरशी आणि धसकटं

उरलेली ज्वारी, प्लेटी आणि कुंड्यांतली माती ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय बाहेर टाकू नका. उकिरड्यावर तर नकोच, कारण शेणखतातून ती रब्बीच्या ज्वारी-हरभऱ्यात पोचते. सिक प्लॉटमधली धसकटं तिथेच राहू द्या. त्या प्लॉटची अवजारं आणि ट्रॅक्टरची चाकं मात्र धुऊनच दुसऱ्या शेतात न्या. आणि निवडलेल्या ओळींचं बी सिक प्लॉटमधून ठेवू नका. बुरशी बियाण्यासोबतही जाते. पुढच्या चाचणीचं बी निरोगी जमिनीतल्या त्या छोट्या संचातून घ्या.